व्हिडिओला नीळ

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मागाहून वाद नको. मी रंगाचा माणूस आहे. मुरबाडकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. इंटरमीडिएटच्या परीक्षेत मला 'अ' श्रेणी होती आणि तो दाखला आमच्या सापगावच्या घरात टीव्हीच्या वर फ्रेम करून लावलेला आहे, कुणीही येऊन बघावा. गावात कुणाच्या घराला रंग द्यायचा झाला की आधी मला विचारतात. मी सांगतो तो देत नाहीत ही गोष्ट वेगळी, पण विचारतात. तेव्हा बुद्धपौर्णिमेला वैशाखऱ्याच्या विहारात जे काही झालं त्याचं खापर माझ्या रंगाच्या ज्ञानावर फोडायला जे टपून बसलेत, त्यांनी हे एकदा शांतपणे ऐकून घ्यावं.

वैशाखरे हे माझ्या आईचं माहेर. मुरबाडहून माळशेजकडे जाताना लागतं. तिथला जुना विहार म्हणजे चार भिंती, वर पत्रा आणि एक खिडकी. पण त्या भिंती वस्तीतल्या माणसांनी मजुरी बुडवून, दगड वाहून उभ्या केलेल्या. आई तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होती, तिनं जमीन सारवली होती. दगड वाहणाऱ्यांत तिचा थोरला भाऊ महादू, म्हणजे माझा मामा, सगळ्यांत पुढे. नवीन विहार बांधायचा म्हणून मागच्या वर्षी तो पाडला. जेसीबीवाल्याला चहासाठी आणलेलं दूध तापायच्या आत काम झालं म्हणतात. आईला हे फोनवर कळलं. जेवताना ती एवढंच म्हणाली, "महादू बसायचा तो कोपरा पन गेला का रे?"

महादूमामा लॉकडाऊनमध्ये गेला. नाक्यानाक्यावर पोलीस, गाड्या बंद. सापगाव ते वैशाखरे तालुक्याला लागून तालुका, पण सख्ख्या बहिणीला भावाचं तोंड बघायला मिळालं नाही. आईनं त्यावर कधी आकांत केला नाही. ती फक्त वैशाखऱ्याचं कुणीही भेटलं की विचारते, "त्याच्या अंगावर निळा झेंडा घातला व्हता ना?" घातला होता. माणसांनी शपथेवर सांगितलंय. मामानं जन्मभर प्रत्येक जयंतीला मिरवणुकीत तो झेंडा पुढे धरला, त्याच्यावर घालणार नाहीत तर कुणावर घालतील? पण आई दुसरं कुणी भेटलं की पुन्हा विचारते.

मामा चालताना दिसेल असा एकच व्हिडिओ आहे. जयंतीची मिरवणूक, एप्रिलचं ऊन, पुढे मामा, पांढरा सदरा-लेंगा आणि हातात झेंडा. त्याच्या मुलानं, रूपेशनं, काढलेला. मोबाइलवर लावून दिला तर आई डोळ्यांशी नेते, लांब धरते आणि परत करते. म्हणते, "याच्यात मुंगी दिसते मला. महादू नाय दिसत."

आता रूपेश हा विहार कमिटीचा चिटणीस. उद्घाटनात जुन्या विहाराची काहीतरी आठवण असावी म्हणून त्यानं सभा बोलावली. कुणी म्हणालं फोटो लावू, कुणी म्हणालं जुना एक दगड काचेच्या पेटीत ठेवू. एवढ्यावर भागलं असतं. पण मी नुकताच ठाण्याला एका प्रशिक्षणाला जाऊन आलो होतो. तिथे एका गेम इंजिनाची ओळख करून दिली होती. गेम इंजिन म्हणजे ज्यात पोरांचे बंदुकीचे खेळ बनवतात ते सॉफ्टवेअर. त्यात बंदूक न घालता नुसतं घरही बांधता येतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "जुना विहार मी जसाच्या तसा कॉम्प्युटरात उभा करतो. बाण दाबला की दारातून आत. समोरच्या भिंतीवर मामाची मिरवणूक चालू." सभेत शांतता पसरली. ती आदराची आहे असं मी तेव्हा समजलो.

घरी येऊन आईला सांगितलं, "आये, मामा तुला भिंतीएवढा दाखवतो."

"भितीएवढा?" तिनं दोन्ही हात पसरून विचारलं.

"त्याच्याहून मोठा."

इथे मी अडकलो. बाकी कुणाला दिलेला शब्द मोडता येतो.

कॉम्प्युटरातला विहार उत्तम झाला, हे माझे शत्रूही मान्य करतात. चुन्यात नीळ कालवून दिलेल्या भिंती, गंजका पत्रा, खिडकीचा वाकलेला गज, सगळं जिथल्या तिथे. मग मी समोरच्या भिंतीवर व्हिडिओचा पडदा लावला आणि मिरवणूक चालू केली. ती फिकी पडली. म्हणजे चित्र होतं, माणसं होती, पण पांढऱ्या साड्या राखाडी आणि झेंडा शाळेच्या जुन्या गणवेशासारखा विटका. तोच व्हिडिओ इंजिनाच्या बाहेर साधा लावला की ठणठणीत. आत नेला की आजारी.

मी बायकोला, रश्मीला, बोलावलं. तिनं बघितलं. म्हणाली, "अहो, चष्म्याचा नंबर वाढला असेल तुमचा."

"तुला फिकं दिसत नाही?"

"दिसतं की. पण माझाही वाढला असेल."

मग रघू आला. रघू आमचा शेजारी. भात लावतो, टेम्पो चालवतो आणि त्याच्या घरच्या टीव्हीला एकदा असाच रंगाचा आजार झाला होता, त्या अनुभवावर तो गावभर सल्ला देतो. त्यानं लॅपटॉप सगळ्या बाजूंनी बघितला.

"मास्तर, छत्री हलवा."

"रघू, याला छत्री नसते."

"मग तिथंच घोळ हाय." थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "पन मी काय म्हनतो, नुसता पिक्चर लावून टाका ना भितीवर. त्याच्यात परत घर कशाला?"

हा प्रश्न पुढे मला निदान अर्ध्या शहापूर तालुक्यानं विचारला. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण ते ऐकायला कुणी थांबत नाही.

इंटरनेटवर एक चर्चेची जागा असते, तिथे मी माझी अडचण इंग्रजीत मांडली. कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थानं उत्तर दिलं की रंगांच्या हिशोबाची एक चौकट असते, तिच्यात टिक करा. केली. मिरवणुकीवर ग्रहण लागलं. भर एप्रिलच्या दुपारी माणसं काळीठिक्कर, ढोलवाल्यांचे नुसते दात दिसतायत. आई तेवढ्यात भाकरी थापून आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "लाईट गेली का?" मी टिक काढली. गृहस्थांना कळवलं. ते म्हणाले, मग नका करू. परदेशी माणसं अशीच असतात, दुसऱ्याच्या संसारात फार गुंतत नाहीत.

मात्र शेवटी कारण सापडलं ते मलाच, हे नमूद करतो. इंजिनात मी विहारावर छान ऊन पाडलं होतं. ते ऊन दारातून आत येऊन व्हिडिओच्या पडद्यावरही पडत होतं, भिंतीवर पडावं तसं. आधीच उन्हात काढलेली मिरवणूक, तिच्यावर वरून आणखी ऊन! शिवाय इंजिन स्वतःहून सगळ्या चित्राला सिनेमासारखी झाक देत होतं, ती वेगळीच. मी पडद्यावरचं ऊन काढलं, झाक बंद केली. झेंडा निळा झाला, झाडं हिरवी झाली. मी रश्मीला हाक मारली.

आई बघायला बसली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बाकी समदं बरोबर हाय. पांढरं पिवळं मारतंय."

"आये, जुना व्हिडिओ आहे."

"जुनी साडी पन पांढरी दिसते. नीळ दिली का?"

उद्घाटनाला नेसायची तिची पांढरी साडी तेव्हा दोरीवर वाळत होती. तिच्या नीळ देण्याचा लौकिक दोन तालुक्यांत आहे. तिच्या साडीला कधी डाग नाही, गोळा नाही. त्यामुळे तिचं म्हणणं मी टाकू शकलो नाही. आणि खरं सांगायचं तर पांढरं पिवळं मारत होतंच.

व्हिडिओला नीळ द्यायची तर काय करायचं? रंग सुधारायचं एक फुकटातलं प्लगइन मिळालं, ते मी इंजिनाला जोडलं. व्हिडिओ आता त्यातून गाळून येणार आणि मग मी हवी तेवढी नीळ घालणार, असा बेत. जोडलं, मिरवणूक लावली, आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो.

झेंडा भगवा झाला होता.

एक नाही, सगळे झेंडे. पताका भगव्या, कमानीचं कापड भगवं. आणि माणसं निळी. पांढरं पांढरंच, झाडं हिरवीच, पण तोंडं, हात, पाय निळेशार. मी घाईघाईनं निळ्याची पट्टी वाढवली, तर भगवं आणखी चढलं. जितकी नीळ घालावी तितकं भगवं. मी नीळ घालतोय, ते पेटतंय. अशा अवस्थेत मागून आवाज आला, "मास्तर, चहा झाला का?"

रघू. त्यानं पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. खाली बसला, रश्मीनं दिलेला चहा बशीत ओतून प्याला, तोंड पुसलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, मी ह्ये कोनाला सांगनार नाय."

"अरे, रंग चुकलाय!"

"व्हय. चुकतो मानूस. आपलं काय नाय. मी बोलनार नाय."

रघूनं शब्द पाळला असं त्याचं अजूनही म्हणणं आहे. पण दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर एक ओळखीचे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐकलं ते खरं का?" आसनगावहून कामाला जाणारे दोघे-तिघे मला बघून बोलायचे थांबले. आणि संध्याकाळी रूपेशचा वैशाखऱ्याहून फोन आला.

"दादा, सापगावात काय चाल्लंय? तू झेंडा बदललास म्हनतात."

"मी कशाला बदलीन? तांत्रिक दोष आहे!"

"तांत्रिक म्हनजे?"

"लाल आणि निळा यांनी जागा बदलल्यात."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दादा, हे असलं फोनवर बोलू नको."

पण मी फोनवर चिडून जे बोललो तेच खरं निघालं. कॉम्प्युटरात प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांची मिसळ. ते प्लगइन माझ्या लॅपटॉपवर लाल आणि निळ्याची अदलाबदल करत होतं. म्हणून निळा झेंडा तांबूस-केशरी, आणि माणसाच्या कातडीतला तांबूसपणा निळा. हिरवं मधल्या जागेवर, ते कशाला हलेल? पांढऱ्यात तिन्ही सारखे, त्याला काय फरक पडतो? मी रंगाचा माणूस, म्हणून कळलं. इंजिनात प्रत्येक रंगाची एक वायर दिसते, ओढून जोडता येते. लालची वायर मी निळ्याला लावली आणि निळ्याची लालला. उलट्याचं उलटं, म्हणजे सुलटं. झेंडा निळा! मामाचा चेहरा मामाचा! गणितात दोन चुका करून बरोबर उत्तर आणणारी पोरं असतात, त्यांच्याकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं बघतो.

मग आईला विचारलं, नीळ कधी देऊ? ती म्हणाली, "शेवटच्या पान्यात द्यायची असती. आदी कोन देतं?" म्हणून अगदी शेवटी, सगळं झाल्यावर, सगळ्या चित्रावरून मी हलकी नीळ फिरवली. पांढऱ्या साड्या खुलल्या. आई पडद्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आता विहारात बगीन. हितं नको." पदरानं तिनं लॅपटॉप पुसला.

आता प्रोजेक्टर. तो आमच्या शाळेत आहे. कुठल्याशा योजनेतून आला, तेव्हापासून खोक्यात आहे. मुख्याध्यापक कमळाकर सरांचं तत्त्व असं की वस्तू वापरली की खराब होते. मी अर्ज केला. प्रयोजनाच्या जागी 'सांस्कृतिक' लिहिलं, तर मोघम म्हणून परत आला. 'रंग बघणे' लिहिलं, तर सर म्हणाले, "चित्रकलेच्या शिक्षकाला रंग बघायला यंत्र लागतं?" शिपायासमोर म्हणाले. मी गिळलं, आईसाठी गिळलं. शेवटी परवानगी मिळाली, पण खोकं उघडायचं नाही या अटीवर. प्रोजेक्टर न्या, दाखवा, आणा, पण सील तुटता कामा नये. हे मी घरी सांगितल्यावर रश्मी म्हणाली, "सील वर आहे ना? मग खालून उघडू." माझ्या घरात अशी बुद्धी आहे, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळत होतं.

पौर्णिमेच्या सकाळी रघूच्या टेम्पोतून आम्ही निघालो. पुढे आई, मागे मी, रश्मी आणि खालून उघडायचं खोकं. किन्हवली मागे पडली तेव्हा आई खिडकीतून बोट दाखवून रघूला सांगत होती की इथून पूर्वी पायी यायचे. तिच्या अंगावरची साडी इतकी पांढरी होती की रघूनं सीटवर टॉवेल अंथरला होता.

विहारात पोहोचलो तर रूपेश दारातच. नवा सदरा, पण चेहरा ताणलेला. बाप गेला आणि आता सगळं त्याच्या माथ्यावर, हे त्याच्याकडे बघून कळत होतं. मी लॅपटॉप काढला. तो म्हणाला, "दादा, तुझा लॅपटॉप नको. समाजाच्या कॉम्प्युटरवर लावायचं."

व्यासपीठावर कॉम्प्युटर होता. कोरा. वस्तीनं वर्गणी काढून घेतलेला. त्याला आडवी फीत बांधली होती, फुलं वाहिली होती.

"ठीक आहे, मग एकदा चालवून बघतो."

"फीत कापल्याशिवाय कसा चालू करनार? भन्तेजी कापतील. ज्यांनी वर्गणी दिली ती मानसं म्हनतात, आमच्यासमोर चालू झाला पायजे."

"अरे, पण न तपासता?"

"आपल्या विहाराचा दरवाजा तरी आदी उघडून बगितला का कोनी? उद्घाटन म्हनजे उद्घाटन."

मुख्याध्यापकांचं खोकं मी खालून उघडू शकलो होतो. फितीला खालची बाजू नसते.

दुपारी वंदना झाली. त्रिशरण, पंचशील, सगळा विहार पांढरा. नवीन भिंतींत आवाज घुमत होता. खिडक्यांवर अंधारासाठी ताडपत्र्या लावल्या. भन्तेजींनी फीत कापली, टाळ्या झाल्या. कॉम्प्युटरनं स्वतःची काहीबाही तयारी करायला सुरुवात केली आणि एवढी माणसं त्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे भक्तिभावानं बघत बसली. मी मनातल्या मनात पुन्हा पंचशील म्हटलं आणि पेनड्राइव्हवरून माझी फाइल त्यात घातली.

आणि भिंतीवर जुना विहार उभा राहिला.

"अगो, खिडकी!" कुणीतरी ओरडलं. आईशेजारी तिची बालमैत्रीण लहानी बसली होती. ती म्हणाली, "तो गज हनुमाननं वाकवला व्हता, शाळा बुडवून आत लपताना!" हनुमान नावाचे सत्तरीतले गृहस्थ पुढच्या रांगेत होते, ते लाजले. मी बाण दाबत होतो, आणि अख्खी वस्ती माझ्याबरोबर एकेक पाऊल टाकत दारातून आत शिरत होती. त्या क्षणी रघूला उत्तर मिळालं असेल, परत घर कशाला. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. कोपरा दिसला, मामाचा. आई ताठ झाली. मी पुढे गेलो आणि मिरवणूक चालू केली.

झेंडा भगवा. माणसं निळी.

मला कारण त्याच क्षणी कळलं, आणि असल्या ज्ञानाचा काही उपयोग नसतो. माझ्या लॅपटॉपवर एक चूक होती, म्हणून मी तिच्यावर उलटी चूक बसवली होती. समाजाच्या कोऱ्या कॉम्प्युटरवर पहिली चूक नव्हतीच. उरली ती फक्त माझी.

ढोल वाजतोय, निळी माणसं भगवे झेंडे घेऊन नाचतायत, आणि अख्खी वस्ती बघतेय. मागून रघूचा आवाज आला, "ताडपत्रीचा उजेड पडलाय त्याच्यावर!" माझ्या बाजूनं बोलणारा तो एकटा माणूस. हनुमानरावांनी भन्तेजींकडे बघितलं. भन्तेजी डोळे मिटून हळूच म्हणाले, "सर्व काही अनित्य आहे." त्यात झेंड्याचा रंग धरायचा का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"दादा, बंद कर!" रूपेश उठला. त्याचा आवाज फाटला होता. "माझ्या बापाच्या हातात... बंद कर म्हनतो ना!"

मी हाताला येईल ती कळ दाबत होतो. तो वायर उपटायला धावला.

"रूप्या! हात लावशील तं बग."

आई उठली होती. गुडघ्यावर हात ठेवत, लहानीचा खांदा धरत ती पुढे निघाली, भिंतीकडे. प्रोजेक्टरच्या समोर आली तशी मिरवणूक तिच्या अंगावर आली. पांढऱ्या साडीवर ढोल, पताका, पाय. नेहमी कुणी मधे आलं की माणसं ओरडतात, "ए, बाजूला हो." कुणी ओरडलं नाही.

मामा भिंतीएवढा होता. मी शब्द दिला होता तेवढा. ती त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"ह्यो महादूच," ती म्हणाली. "डावा पाय असाच टाकायचा."

मग तिनं झेंड्याकडे बघितलं. लॉकडाऊनपासून जी बाई एकच गोष्ट विचारत आली, तिला मी हे दाखवलं होतं. मला त्या जमिनीत जायचं होतं, पण फरशी नवीन होती.

आईनं झेंड्यावरून नजर खाली आणली, मामाच्या हातावर, पायांवर, चेहऱ्यावर. चेहरा निळा, हात निळे, पाऊल निळं. आणि शेवटच्या पाण्यातली नीळ मात्र मी वेगळी दिलेली, ती होती तशीच राहिली होती, म्हणून सदरा-लेंगाही निळसर.

"लहाने," ती म्हणाली, "झेंड्याचा रंग समदा उतरून याच्या अंगाला लागलाय गो. बग. डोक्यापासनं पायापर्यंत निळा." तिनं भिंतीवर हात ठेवला, त्याच्या गालावर, आणि तिचा हातही निळा झाला. "आता मी कोनाला नाय इचारायची, घातला व्हता का नाय."

रूपेश वायर हातात धरून तसाच उभा होता. मग त्यानं ती सोडली, आत्याजवळ गेला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडला. लॉकडाऊनमध्ये चौघांना घेऊन बापाला नेलं, तेव्हाही तो रडला नव्हता म्हणतात. लहानीनं डोळे पुसले. मागून कुणीतरी "जय भीम" म्हटलं आणि अख्ख्या विहारानं उत्तर दिलं. मिरवणूक संपली तर आई मागे न वळता म्हणाली, "परशांत, परत लाव."

मी परत लावली. मग पुन्हा लावली.

चहाच्या वेळी मी लॅपटॉप उघडून दोन वायरी जागच्या जागी बसवल्या आणि समाजाच्या कॉम्प्युटरवर पुन्हा लावलं. झेंडा निळा, माणसं माणसांसारखी. भन्तेजींना बोलावलं, रूपेशला बोलावलं, हनुमानरावांना तांत्रिक कारण समजावून सांगितलं. सगळे हो म्हणाले. आईला म्हटलं, "आये, आता बघ. आता बरोबर आहे."

तिनं एकदा बघितलं. "बरं केलंस," म्हणाली. "पन मघाचा तो ठेव. त्याला आता हात नको लावू, मागं काळा केला व्हतास त्याला."

मुख्याध्यापकांचं खोकं परत केलं. त्यांनी सील तपासलं आणि कौतुकानं म्हणाले, वस्तू अशी वापरावी. रघू आजही सांगतो की ताडपत्रीच होती. वैशाखऱ्याला दर पौर्णिमेला वंदना झाली की कुणीतरी मिरवणूक लावतं, आणि लावतात ती तीच, निळ्या माणसांची. आई तिथे आली की लहानी तिला पुढे जागा करून देते.

वैशाखऱ्याचं माणूस भेटलं की आई आता पावसापाण्याचं विचारते. दुरुस्त केलेली फाइल माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे. तिच्यातले रंग अगदी अचूक आहेत. ती अजून कुणी मागितलेली नाही.